गिट्टी, मुरूम आणि मजुरी

काटोलच्या शाळेतला शिक्षक असो, बँकेतला कारकून असो की पंचायत समितीतला लिपिक, त्याच्या पगाराच्या कागदावर कपातीच्या रकान्यात दर महिन्याला एक लहानसा आकडा उमटतो. व्यवसाय कर, 200 रुपये. फेब्रुवारीत तो 300 होतो, म्हणजे वर्षाचे 2,500. भविष्य निर्वाह निधी आणि आयकर यांच्या मोठ्या आकड्यांत हा आकडा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण महाराष्ट्राने 1975 साली हा कर लावला तो एका नेमक्या कामासाठी. पगारदार आणि व्यापारी यांच्याकडून थोडे थोडे घ्यायचे, तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची आणि त्या पैशातून खेड्यात काम मागणाऱ्याला काम द्यायचे. ते काम पुष्कळदा रस्त्याचेच असे.

सरकारने रस्त्यावर पैसा घातला की रोजगार वाढतो, हे वाक्य दर अर्थसंकल्पात ऐकू येते. महाराष्ट्राचा 2025-26 चा अर्थसंकल्प 7 लाख कोटी रुपयांचा होता आणि रस्ते, महामार्ग, मेट्रो, बंदरे यांच्या घोषणा त्यात ठळक होत्या. वाक्य खोटे नाही. पण कोणत्या रस्त्यावर पैसा गेला, त्यातला मजुरीचा वाटा किती, ती मजुरी कोणाच्या हातात पडली आणि रस्ता झाल्यावर त्याच्या आधाराने कोणते काम उभे राहिले, हे विचारल्याशिवाय ते अर्धेच राहते.

हे विचारायला काटोलसारखी जागा नाही. नागपूरच्या पश्चिमेला साधारण 60 किलोमीटरवर, जाम नदीच्या काठी वसलेले हे तालुक्याचे गाव. 2011 च्या जनगणनेत वस्ती 43 हजारांच्या आसपास. दिल्ली-चेन्नई रेल्वेमार्गावरचे स्टेशन, एसटीचे आगार, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र, आणि चहूबाजूंनी संत्र्याचे बगीचे. रस्ता चांगला आहे की वाईट, हे संत्र्याइतके स्पष्ट दुसरे पीक सांगत नाही. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, हाताने सहज सुटते, म्हणून लोकांना ते आवडते. आणि म्हणूनच ते गाडीत आदळआपट सोसत नाही. कापसाचा गठ्ठा खड्ड्यातून गेला तर काही बिघडत नाही. संत्र्याचा क्रेट गेला तर खालच्या थरातली फळे दबतात, आणि दबलेले फळ दोन दिवसांत शेजारच्या फळालाही नासवते.

महाराष्ट्रात रस्ता आणि रोजगार यांची गाठ बांधली ती वि. स. पागे यांनी. पागे सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे, दीर्घकाळ विधान परिषदेचे सभापती. 1965 साली तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात एक प्रयोग झाला. जो काम मागेल त्याला गावाजवळच काम द्यायचे, आणि काम असे की त्यातून गावाला काही टिकाऊ मिळावे. प्रयोग लहान होता. त्याला मोठे केले ते 1972 च्या दुष्काळाने. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यात सलग पावसाने दगा दिला आणि 1973 च्या उन्हाळ्यात जवळजवळ 50 लाख माणसे सरकारी दुष्काळी कामांवर होती. विदर्भाला त्याची झळ तुलनेने कमी लागली. ज्यांनी ते दिवस पाहिले ते अजून कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीची चव सांगतात आणि डोक्यावर घमेले घेतलेल्या बायांच्या रांगा आठवतात. दगड फोडायचा, खडीचे ढीग मापात रचायचे, आणि त्या ढिगांतून रस्ते काढायचे.

पुढे 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. काम मागितल्यावर 15 दिवसांत काम द्यायचे, नाही दिले तर बेकारी भत्ता द्यायचा. सरकारने काम देणे ही मेहरबानी नव्हे, काम मागणे हा मजुराचा हक्क आहे, असे कायद्याच्या भाषेत लिहिणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. खर्चातला निदान 60 टक्के वाटा अकुशल मजुरीवर गेला पाहिजे, ही त्यातली सर्वांत मोलाची अट. 2005 साली केंद्राने देशभरासाठी 100 दिवसांच्या कामाचा कायदा केला तेव्हा समोर नमुना महाराष्ट्राचाच होता, आणि 100 दिवसांच्या पुढचे काम महाराष्ट्र आपल्या कायद्यातून, आपल्या पैशातून देत आला.

या साठ टक्क्यांच्या अटीने एक मोठे काम केले आणि एक अडचणही उभी केली. मोठे काम असे की पैसा वाटेत कुठे न अडकता थेट मजुराच्या घरात गेला. बायांना पुरुषांइतकी मजुरी मिळाली, जी शेतावर कधीच मिळत नव्हती. पावसाळ्याआधीच्या महिन्यांत, शेतात काम नसताना, गाव सोडून जाण्याची वेळ पुष्कळांवर आली नाही. अडचण अशी की रस्ता नुसत्या मजुरीने होत नाही. मातीचा भराव, कडेच्या नाल्या, बाजूला रचलेले गिट्टीचे ढीग, इथपर्यंत माणसांचे हात पुरतात. पुढे रोलर लागतो, नाल्यावर रपटा किंवा मोरी लागते, डांबर लागते. त्यासाठी पैसा उरला नाही तर भराव पहिल्या दोन पावसाळ्यांत खचतो. महाराष्ट्रात असे कितीतरी रस्ते झाले, जे मजुरी देऊन गेले आणि मग स्वतःही गेले. रोजगार हमीची टिंगल करणाऱ्यांनी हेच रस्ते दाखवले. त्यांनी एवढे पाहिले नाही की त्या रस्त्यांनी ज्या वर्षी चुली पेटत्या ठेवल्या, त्या वर्षी दुसरे कुणी ते करणार नव्हते.

काटोलच्या बाबतीत मात्र या योजनेचा सर्वांत मोठा ठसा रस्त्यावर उमटला नाही, बगीच्यांत उमटला. 1990 साली राज्याने रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवड सुरू केली. शेतकऱ्याने आपल्याच वावरात खड्डे खणायचे, कलमे लावायची, आणि त्या श्रमाची मजुरी रोजगार हमीतून घ्यायची. कलमांचा, खताचा खर्चही अनुदानात. पैसा एकदम नाही, झाडे जगली की टप्प्याटप्प्याने. योजनेआधी राज्यात फळबागांखालचे क्षेत्र अडीच लाख हेक्टरांच्या आसपास होते. पुढच्या दहा-बारा वर्षांत ते दहा लाखांच्या पुढे गेले. कोकणात आंबा-काजू, मराठवाड्यात मोसंबी, सोलापूरकडे डाळिंब, आणि काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या पट्ट्यात संत्रा. संत्रा इथे त्याच्या कितीतरी आधीपासून होता. नागपूरकर भोसल्यांनी तो आणला असे परंपरा सांगते. पण लहान शेतकऱ्याला पाच-सहा वर्षे झाड पोसत थांबण्याची ताकद या योजनेने दिली.

रोजगाराची खरी साखळी इथून सुरू होते. बगीचा फळावर आला की तोडणीला माणसे लागतात, निवडायला लागतात, भरायला लागतात. हमाल, ट्रकचा ड्रायव्हर, क्लीनर, फळाला मेणाचा थर देणाऱ्या यंत्रावरचे कामगार, खोकी बनवणारे, नागपूरच्या कळमना बाजारातले अडते. झाड वीस-पंचवीस वर्षे फळ देते, म्हणजे 1990 च्या त्या एका खर्चातून तेवढी वर्षे दर हंगामाला कामे निघत राहिली. रस्ता बांधताना मिळणारी मजुरी काही महिन्यांची असते. रस्त्यामुळे चालणारा धंदा पिढीभराचा असू शकतो. आपल्याकडे घोषणा होते पहिल्या आकड्याची, आणि दुसरा कुणी मोजतच नाही.

आणि या साखळीतली सर्वांत कच्ची कडी सगळ्यात सुरुवातीला आहे. बगीच्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा एक-दोन किलोमीटरचा तुकडा. पश्चिम महाराष्ट्रात त्याला पाणंद म्हणतात, विदर्भात पांधण.

पांधण म्हणजे दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांमधून जाणारी बैलगाडीची जुनी वाट. गावच्या नकाशावर ती असते, जमिनीवर कधी कधी नसते, कारण दोन्हीकडचा वखर दरवर्षी वीतभर आत सरकतो. खालची जमीन काळी. काळ्या मातीचा स्वभाव असा की पाणी प्याली की फुगते, उन्हात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट गिट्टी टाकली तर पहिल्याच पावसात गिट्टी चिखलात बुडते. त्यामुळे काळी माती काढून किंवा दाबून तिच्यावर मुरमाचा थर, त्यावर जाड गिट्टी, मग बारीक गिट्टी, प्रत्येक थरावर पाणी आणि रोलर, आणि दोन्ही कडांना पाणी वाहून नेणाऱ्या नाल्या, असा क्रम पाळावाच लागतो. नाली नसेल तर बाकीचे सगळे फुकट.

संत्र्याचे हंगाम दोन. मृग बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीला येतात, तेव्हा पांधण कोरडी असते. आंबिया बहाराची तोडणी मात्र ऑक्टोबरपासून सुरू होते. परतीचा पाऊस नुकताच गेलेला किंवा अजून जायचा असतो, पांधणीत गुडघाभर गाळ असतो आणि ट्रक डांबरी रस्त्यावरच थांबतो. मग माल डोक्यावर, बैलबंडीने किंवा ट्रॅक्टरने बाहेर काढायचा. व्यापारी बगीचा बघायला येतो तेव्हा झाडांइतकीच वाट बघतो, आणि वाट वाईट असेल तर भाव पाडून बोलतो. गाडी बगीच्यापर्यंत येत नसली की शेतकऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची ताकद राहत नाही. फळ झाडावर थांबत नाही.

राज्य सरकारने 11 नोव्हेंबर 2021 च्या निर्णयाने ‘मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना’ आणली, तिच्या मुळाशी हीच व्यथा होती. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. पैसा मुख्यतः रोजगार हमीतून घ्यायचा. पण तिथे 60 टक्के अकुशल मजुरीची अट, आणि पक्क्या पांधणीत तर गिट्टी, मुरूम, रोलर यांचाच खर्च जास्त. मग मार्ग असा काढला की गावाने वृक्षलागवड, शेततळी, विहिरी, फळबागा अशी मजुरीप्रधान कामेही सोबत घ्यायची, म्हणजे एकूण हिशेबात प्रमाण बसते. हिशेबाची ही युक्ती वाटेल, पण तिच्यात शहाणपण आहे. बगीचा लावायला मजुरी मिळाली, आणि त्याच मजुरीच्या बळावर त्या बगीच्याला रस्ता मिळाला.

प्रत्यक्षात अडते ते दुसऱ्याच जागी. पांधणीची मोजणी, अतिक्रमण, शेजाऱ्याची हरकत, तहसीलदाराकडची तारीख. 1906 चा मामलेदार न्यायालय कायदा आणि 1966 च्या जमीन महसूल संहितेचे 143 वे कलम, या दोहोंच्या आधाराने शेतरस्त्याचे तंटे आजही चालतात. 22 मे 2025 च्या शासन निर्णयाने शेतरस्ता शक्यतो 3 ते 4 मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत व्हावी, असे ठरवले. बैलगाडीच्या रुंदीवर ठरलेल्या वाटेवर ट्रॅक्टर आणि ‘छोटा हत्ती’ टेम्पो आले तेव्हापासून ही गरज होती. रस्त्यावर रुपयाही खर्च न करता, नुसत्या नोंदीने रस्ता सुटू शकतो, याचे हे चांगले उदाहरण. गावच्या तलाठ्याची एक ओळ कधी कधी दहा ट्रक मुरमाचे काम करते.

रस्त्यांचे गणित मांडण्याचा मान तसा नागपूरकडेच जातो. डिसेंबर 1943 मध्ये देशभरातल्या प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि भारताची पहिली वीस वर्षांची रस्ते योजना त्यांनी आखली. तिचे नावच नागपूर योजना. रस्त्यांचे राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्राम असे वर्ग तेव्हा पडले, ते आजही टिकून आहेत. दर 100 चौरस किलोमीटरला 16 किलोमीटर रस्ता, आणि चांगल्या शेतीच्या मुलखात कोणतेही गाव पक्क्या रस्त्यापासून पाच मैलांहून दूर नसावे, हे उद्दिष्ट. त्याआधी 1927 साली नेमलेल्या बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या समितीने सांगितले होते की रस्त्यांसाठी स्वतंत्र निधी हवा आणि तो पेट्रोलवरच्या करातून यावा. 1929 पासून गॅलनमागे दोन आणे त्यासाठी घेतले जाऊ लागले. रस्ता वापरणाऱ्याने रस्त्याचा पैसा द्यावा हे जयकरांचे सूत्र, आणि ज्याला काम आहे त्याने ज्याला काम नाही त्याच्यासाठी द्यावे हे पागेंचे. महाराष्ट्राच्या रस्त्यांच्या अर्थकारणात ही दोन्ही सूत्रे आजही एकमेकांशेजारी चालतात.

पाच मैलांचे ते उद्दिष्ट सगळीकडे सारखे गाठले गेले नाही. 1984 साली वि. म. दांडेकर यांच्या समितीने राज्यातल्या प्रादेशिक अनुशेषाचा हिशेब केला. एकूण अनुशेष 3,186 कोटी रुपयांचा, त्यात विदर्भाचा 1,246 कोटींचा. सिंचन, वीज, शाळा यांच्याबरोबर रस्ते हाही त्यातला एक रकाना. दांडेकर हेच 1971 मध्ये नीळकंठ रथ यांच्यासह भारतातल्या दारिद्र्यावर लिहिताना ग्रामीण सार्वजनिक कामांतून रोजगार द्या असे सांगणारे अर्थशास्त्रज्ञ. रस्ता कुठे नाही आणि काम कुणाला नाही, हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाने हाताळावेत हा योगायोग नव्हता. मागास भागात ते एकच असतात.

गेल्या दहा वर्षांत राज्याच्या रस्तेखर्चाचे सर्वांत मोठे प्रतीक म्हणजे समृद्धी महामार्ग. नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत 701 किलोमीटर, 10 जिल्हे, 392 गावे. 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी. खर्च 55 हजार कोटींवर धरला होता, तो 60 हजार कोटींच्या पुढे गेला. राज्य रस्ते विकास महामंडळाने बँकांकडून कर्ज काढले, राज्याच्या इतर महामंडळांनी पैसा दिला. नागपूरहून मुंबईला आठ तासांत पोचता येते हे खरे आहे, आणि वाशीच्या बाजारात जाणाऱ्या संत्र्याला त्याचा उपयोग आहेच.

पण त्यातून रोजगार किती झाला हे विचारताना कचरू नये. असा रस्ता यंत्रे बांधतात. काँक्रीट टाकणारे पेव्हर, गर्डर उचलणारे लाँचर, सिमेंट मिसळणारे मोठाले प्लांट. खर्चाचा मोठा भाग जमीन, सिमेंट, पोलाद, डिझेल आणि व्याज यांत जातो. जी माणसे लागतात ती वाकबगार लागतात, आणि ती बहुतांशी कंत्राटदाराबरोबर राज्याराज्यांतून फिरत येतात. 1 ऑगस्ट 2023 च्या पहाटे शहापूर तालुक्यात सरळांबे येथे गर्डर लाँचर कोसळून 20 जणांचा जीव गेला, तेव्हा मृतांत तामिळनाडू, उत्तर प्रदेश, बिहारपर्यंतची माणसे होती. त्यांच्याही घरांत त्या मजुरीचीच वाट बघितली जात होती. रस्त्याची किंमत सांगताना ही वीस नावे कोणत्याच आराखड्यात येत नाहीत, यायला हवीत.

आणखी एक फरक सहसा बोलला जात नाही. काटोल तालुक्यातले कोंढाळी गाव नागपूर-अमरावतीच्या जुन्या महामार्गावर आहे. अशा रस्त्याच्या कडेला ढाबा, पंक्चरचे दुकान, संत्र्याची टोपली घेऊन बसलेली बाई, चहाची टपरी हे सगळे आपोआप उगवते. समृद्धीसारख्या कुंपण घातलेल्या रस्त्यावर ते उगवू शकत नाही. चढ-उताराच्या ठरावीक जागा सोडल्या तर रस्त्याकडेचे गाव रस्त्याला फक्त बघू शकते. त्या जागांभोवती कृषी समृद्धी केंद्रे आणि नवनगरे उभी राहतील, गोदामे आणि प्रक्रिया उद्योग येतील, असे सुरुवातीपासून सांगितले गेले. रस्ता पूर्ण झाला, नवनगरे मागे राहिली. रोजगाराच्या दृष्टीने मात्र तीच या खर्चाची खरी कमाई असायची होती. पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत 802 किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग 2025 साली 86 हजार कोटींचा सांगितला गेला. त्याच्या वेळी हा हिशेब आधी मागितला पाहिजे.

काटोलचा स्वतःचा नागपूर रस्ता केंद्राच्या यादीत आहे, राष्ट्रीय महामार्ग 353 जे. त्याचे चौपदरीकरण जंगल आणि वन्यप्राण्यांच्या वाटा यांमुळे रेंगाळले. वाघ-बिबट्यांसाठी खालून वाटा ठेवणे आवश्यकच आहे, पण ते नकाशा काढताना सुचायला हवे होते, काम सुरू झाल्यावर नव्हे.

मोठ्या कामांपेक्षा लहान कामांत स्थानिक हात जास्त लागतात, हे सरकारलाही ठाऊक आहे. म्हणून महाराष्ट्रात लहान बांधकामे वाटण्याची एक वेगळी पद्धत आहे. ठरावीक रकमेच्या आतली कामे काम वाटप समितीसमोर सोडतीने दिली जातात. त्यांतला एक वाटा मजूर सहकारी संस्थांना, एक सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, उरलेला खुल्या ठेकेदारांना. तालुक्याच्या गावात डिप्लोमा करून आलेला मुलगा पहिले मोरीचे किंवा रपट्याचे काम यातूनच मिळवतो. पण हा मुलगा सिमेंट उधारीवर आणतो, मजुरी रोख देतो आणि बिलाची वाट पाहतो. 2025 साली कंत्राटदारांच्या संघटनांनी राज्यभरातल्या सर्व खात्यांच्या थकबाकीचा आकडा सुमारे 89 हजार कोटी रुपये सांगितला. मोठी कंपनी बँकेच्या जोरावर तग धरते. लहान ठेकेदार सावकाराकडे जातो, आणि त्याच्या मजुराला शनिवारी मिळणारा पगार दिवाळीनंतरवर जातो. अर्थसंकल्पात कामे जास्त आणि पैसा कमी मांडला की रोजगाराच्या घोषणेचे कर्ज अशा घरांत जाऊन बसते.

सगळ्यात जास्त खटकते ती एक नाहीशी झालेली नोकरी. सार्वजनिक बांधकाम खात्यात मैलकुली असे. ठरलेल्या मैलांचा रस्ता त्याच्या ताब्यात. खांद्यावर फावडे, घमेले. पावसाआधी नाल्या मोकळ्या करायच्या, कडेचा पट्टा मुरमाने भरायचा, लहान खड्डा दिसला की त्याच दिवशी बुजवायचा, झाडांना पाणी घालायचे. रोजंदारीवर लागलेल्या माणसाला पाच वर्षे सलग सेवेनंतर कालेलकर करारामुळे नियमित आस्थापनेवर जागा मिळे. खेड्यातल्या भूमिहीन घरात सरकारी पगार आणि निवृत्तिवेतन आणणारी ती नोकरी होती. नवी भरती थांबली, जुने मैलकुली निवृत्त होत गेले, आणि देखभाल ठेक्याने होऊ लागली. हाताने बुजवता येणारा वीतभर खड्डा आता निविदेची वाट पाहत दोन पावसाळ्यांत रस्त्याचा अर्धा भाग खातो. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत ठेकेदारावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी टाकली गेली, हे त्या योजनेचे बलस्थान. सहाव्या वर्षी काय, हा प्रश्न तिथेही उरतोच.

वाहतुकीवरचा सगळा खर्च गिट्टी-डांबराचा नसतो. 17 मार्च 2023 पासून राज्याने एसटीत महिलांना अर्धे तिकीट केले आणि फरक सरकार महामंडळाला देते. काटोलच्या आगारातून सकाळी नागपूरकडे सुटणाऱ्या गाडीत बसणाऱ्या मुलीसाठी, कारखान्यात, दवाखान्यात, दुकानात नोकरी करणाऱ्या बाईसाठी या अर्ध्या तिकिटाचा अर्थ वेगळा आहे. रोज 120 किलोमीटरचे पूर्ण भाडे दिल्यावर हातात उरत नव्हते म्हणून जी नोकरी घेतली गेली नसती, ती परवडू लागते. हा रोजगार कोणत्याही कंत्राटाच्या कागदावर दिसत नाही. तो टिकायचा तर गाडी वेळेवर सुटली पाहिजे, आणि आगारात पुरेशा गाड्या, चालक, वाहक असले पाहिजेत. सवलत जाहीर करून गाड्या कमी पडल्या तर अर्ध्या तिकिटाचा प्रवास दारात लटकून होतो.

रस्ता कितीही गुळगुळीत केला तरी काही गोष्टी त्याच्या हातात नसतात, हेही काटोलने पाहिले आहे. नागपुरी संत्र्याचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक बांगलादेश. त्याने 2019 नंतर आयात शुल्क वाढवत नेले, 2023 मध्ये ते किलोला 88 रुपयांपर्यंत गेले, आणि निर्यातीवर पोसलेली निवडणी-भरणीची कामे आकसली. 2020 साली नागपूरहून दिल्लीकडे किसान रेल्वेने संत्रा गेला तेव्हा देशातल्या देशात दूरचा बाजार गाठण्याची एक वाट दिसली होती. नरखेड-अमरावती मार्गावरच्या एका स्टेशनाचे नावच वरूड ऑरेंज सिटी आहे. त्या नावाला साजेशी थंड गोदामे आणि प्रक्रिया कारखाने या पट्ट्यात उभे राहिले असते, तर ढाक्याच्या एका निर्णयाने काटोलच्या मजुराचा हंगाम बुडाला नसता.

खर्च कुठे करावा याचे एक उत्तर त्यामुळे अगदी लहान आणि अगदी जवळचे आहे. पांधणी पक्क्या करणे सुरू झाले आहे, सातबाऱ्यावर त्यांची नोंद होते आहे, पण त्यांची काळजी घेणारा माणूस कोणत्याच आदेशात नाही. रोजगार हमीतून झालेल्या कामांची देखभाल त्याच योजनेतून करता येते. गावातल्याच दोन-तीन जॉब कार्डधारकांकडे चार-पाच किलोमीटर पांधण वर्षभरासाठी सोपवली, ग्रामरोजगार सेवकाने हजेरीपट ठेवला, सरपंचाने महिन्याला एकदा वाट चालून पाहिली, तर त्याला ना निविदा लागते ना यंत्र. सप्टेंबरच्या शेवटी नाल्यांतला गाळ उपसायचा, चाकोऱ्यांत मुरूम भरून धुमसायचा, रपट्यावर अडकलेला काडीकचरा काढायचा. ऑक्टोबरात आंबिया बहाराचा पहिला तोडा सुरू होतो, तेव्हा ट्रक बगीच्याच्या तोंडाशी उभा राहील.